लिवाला कुकर न्यायचा का?

दुबईतल्या मराठी माणसाला वाळवंटाची आठवण साधारण नोव्हेंबरात येते. त्याआधीचे सहा-सात महिने तो एसीच्या घरातून एसीच्या गाडीत आणि तिथून एसीच्या ऑफिसात जातो. शहराच्या पलीकडे वाळू आहे हे त्याला काचेवरच्या धुळीवरून कळतं. मग एका सकाळी खिडकी उघडावीशी वाटते आणि ग्रुपवर मेसेज पडतो, 'या वीकेंडला कॅम्पिंग?' तासाभरात सगळ्यांचे अंगठे वर. अंगठा वर करायला तंबू लागत नाही.

खरी पंचाईत पुढे. आधी वार. 2022 पासून इथली सुट्टी शनिवार-रविवार झाली, पण शारजाच्या शाळेत शिकवणाऱ्या वहिनींना शुक्रवारही मोकळा. त्यामुळे त्या शुक्रवारी सकाळीच निघू म्हणतात, आणि दुबईतले कंपनीवाले मीटिंगमधून त्यांना नुसते हात जोडलेले पाठवतात. मग जागा. लिवा म्हणजे रुब अल खाली या वाळवंटाचा उंबरठा. तिथली तल मोरीब ही वाळूची टेकडी जवळजवळ 300 मीटर उंच. पण दुबईहून चार तास. 'चार तास' ऐकलं की कुणीतरी लगेच अल कुद्रा सुचवतं. शहराला लागूनच आहे, माणसांनी केलेली तळी आहेत, पक्षी आहेत. वाळवंटात जायचं आणि तळ्याकाठी बसायचं, हे मला तरी जेवायला बोलावून घेऊन डब्यातलं वाढल्यासारखं वाटतं. मी लिवाच्या बाजूने हट्टाने मत दिलं.

त्यानंतर यादी. ही वहिनींची. थालीपिठाची भाजणी, लसणाची चटणी, उपासाचं वेगळं, ग्रुपमधल्या कोल्हापूरकराच्या रश्श्याचा मसाला, खलबत्ता (मिक्सरला वीज नाही म्हणून), पोळपाट-लाटणं. इंग्रज प्रवासी विल्फ्रेड थेसिजर 1940च्या दशकात बदू भटक्यांबरोबर उंटांवरून याच रुब अल खालीतून गेला. जवळ थोडं पीठ आणि कातडी पखालीतलं पाणी. तो उपाशी राहिला आणि त्यावर 1959 साली त्याने गाजलेलं पुस्तक लिहिलं. आमच्यापैकी कुणी पुस्तक लिहील अशी शक्यता त्या यादीमुळेच मावळली.

सरपण मात्र इथूनच न्यायचं. तिथे दिसणारं काटेरी घाफचं झाड तोडायला बंदी आहे. 2008 पासून तो इथला राष्ट्रीय वृक्ष. कोल्हापूरकर म्हणाला, 'एवढ्या वाळूत एक फांदी कोण मोजतंय?' घाफ म्हणजे आपली शमी, पांडवांनी शस्त्रं ठेवली तीच, असं सांगितल्यावर तो गप्प झाला आणि मुकाट्याने कोळशाची दोन पोती लिहून घेतली. कायद्यापेक्षा दसरा जास्त कामी आला.

आपल्या तयारीत सगळं भरायचंच असतं. पाणी भरा, पेट्रोल भरा, डबे भरा. वाळूत शिरण्याआधी मात्र टायरमधली हवा काढायची असते, पस्तीस पीएसआयवरून पंधराच्या आसपास. टायर बसका झाला की त्याचा जास्त भाग वाळूला टेकतो, वजन पसरतं आणि चाक सहजी रुतत नाही. नवख्याला हे पटता पटत नाही. डांबर संपतं तिथे उकिडवं बसायचं, व्हॉल्व्हची टोपी खिशात टाकायची (नाहीतर ती वाळूत गेलीच) आणि सुस्स करून हवा सोडायची. गाडीतून हमखास आवाज येतो, 'पंक्चर झालं का हो?' परतताना पंपापर्यंत हळूहळू यायचं आणि हवा भरल्याशिवाय हायवेला लागायचं नाही, हे निघताना सगळ्यांना पाठ असतं.

एकट्या गाडीने जायचं नाही हा दुसरा नियम, कारण रुतलेली गाडी ओढायला दुसरी हवी. दोन गाड्या म्हटल्या की रस्सा कुठल्या गाडीत, हा नवा वाद. शिवाय तंबूच्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत. पिशवीत वाळू भरून तीच दोरीला बांधून खोल पुरावी लागते. एवढ्यासाठी गहू-तांदळाच्या रिकाम्या पिशव्या साठवणाऱ्या काकूंची बऱ्याच वर्षांनी कदर झाली. पांघरुणं जाड घ्यायची, कारण ऊन उतरलं की वाळू झपाट्याने गार पडते. आणि बूट तंबूच्या आत ठेवायचे. वाळवंट कोरडं असतं ही समजूत पहाटेच्या दवापर्यंतच टिकते. समुद्राकडून आलेलं दमट धुकं कधीकधी तंबू निथळेपर्यंत भिजवतं.

आता निघायची वेळ, तंबू, फावडं, दोरखंड, कचऱ्याच्या पिशव्या, सगळं एकमताने ठरलंय. फक्त कुकरवर मतदान चालू आहे. कोल्हापूरकराचं म्हणणं, निखाऱ्यावर मटण शिजेपर्यंत पहाट होईल. वहिनींचं म्हणणं, चार तास लांब जाऊन शिट्ट्याच मोजायच्या तर घर काय वाईट होतं?