अर्धी पोळी, बिनतुपाची

माझ्या शंकरपाळ्यांना आळा घालण्यासाठी अमेरिकन काँग्रेसने कायदा केला, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. बायकोने तारखा काढून दाखवल्या. कायदा डिसेंबर २०१०चा, ओबामांच्या सहीचा. त्यातून निघालेले 'स्मार्ट स्नॅक्स'चे नियम शाळांना लागू झाले १ जुलै २०१४ला. आणि तोवर मी आयुष्यात मैद्याला हात लावलेला नव्हता. "तुझ्या शंकरपाळ्यांसाठी मिशेल ओबामा एवढी धावपळ करेल का?" असं तिने विचारलं. प्रश्न बिनतोड होता. पण तारखांनी अहंकार मरत असता, तर इतिहासाचे प्राध्यापक फार नम्र असते.

त्याचं काय आहे, परदेशातल्या मराठी पुरुषाला स्वयंपाक उशिरा येतो आणि आला की इतरांना सोसवत नाही. बायको रोज पोळ्या लाटते, त्याची बातमी होत नाही. मी दिवाळीला शंकरपाळी केली, तर महाराष्ट्र मंडळातल्या निम्म्या लोकांना फोटो गेले आणि उरलेल्यांना डबे. "तुम्ही केलीत? स्वतः?" या प्रश्नातला संशय मी कौतुक म्हणून जमा करत आलो आहे. तेव्हा लेकीच्या शाळेच्या पालक संघटनेने, म्हणजे पीटीओने, ग्रंथालयाच्या पुस्तकांसाठी घरच्या खाऊची विक्री, म्हणजे बेक सेल, ठरवला आणि न्यू जर्सीतल्या त्या बैठकीत पहिला हात माझा वर गेला, यात नवल नाही. कपकेक, ब्राउनी, कुकी आणि मधोमध माझ्या नावाची पाटी, हे चित्र मनात तयार होतं. पाटीचा फॉन्टसुद्धा ठरला होता.

अध्यक्षबाईंनी 'स्मार्ट स्नॅक्स'च्या नियमांचा एक छापील कागद फिरवला. शाळेच्या वेळात मुलांना विकायच्या खाऊत २०० पेक्षा जास्त कॅलरी नकोत. सोडियम २०० मिलिग्रॅमच्या वर नको. चरबीतून येणाऱ्या कॅलरी ३५ टक्क्यांपर्यंत, त्यातही संपृक्त चरबीच्या १० टक्क्यांच्या आत. वजनाच्या ३५ टक्क्यांहून जास्त साखर नको. आणि घटकांच्या यादीत पहिलं नाव हवं ते अख्ख्या धान्याचं, फळाचं, भाजीचं, दुधाच्या नाहीतर प्रथिनांच्या पदार्थाचं. माझ्या यादीत पहिलं नाव मैदा, मग साखर, मग तूप, आणि कृतीत एकच क्रियापद: तळा. एखाद्या विषयात गचकणं वेगळं. माझी शंकरपाळी सोडियम सोडून जवळजवळ सगळ्या विषयांत गचकली होती.

आता 'शाळेची वेळ' म्हणजे काय, तेही कागदावर होतं. आदल्या मध्यरात्रीपासून शाळा सुटल्यावर अर्ध्या तासापर्यंत. आमची शाळा तीनला सुटते. म्हणजे साडेतीनपर्यंत वेध लागलेले, आणि साडेतीनला ग्रहण सुटलं. ३ वाजून २९ मिनिटांनी जी ब्राउनी बालकांच्या प्रकृतीला घातक, तीच ३ वाजून ३१ मिनिटांनी शिक्षणकार्याला मदत. शनिवार-रविवार मोकळे. घरी नेऊन खायच्या वस्तूंना, गोठवलेल्या पिझ्झ्याला, कुकीच्या कच्च्या पिठाला, हा नियम नाही. शिवाय राज्यांना वर्षातून काही विक्रीदिवस माफ करता येतात. कुणी हात आखडता घेतला, जॉर्जियाने मात्र प्रत्येक शाळेला वर्षाला ३० विक्र्या माफ केल्या. आणि गंमत म्हणजे सगळा नियम विक्रीचा आहे. शंकरपाळी फुकट वाटली तर वॉशिंग्टनची हरकत नाही. पण फुकट वाटून ग्रंथालयाला पुस्तकं येत नाहीत आणि मला पाटी मिळत नाही.

दाण्याचे लाडू सुचवून पाहिले. नुसत्या शेंगदाण्यांना चरबीच्या अटीतून सूट आहे, हे मी तोवर पाठ केलं होतं. गूळ घातला की सूट जाते, हे अध्यक्षबाईंना पाठ होतं. शिवाय शाळेत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं आहेत, त्यामुळे दाणा दारातूनच परत. बटाटेवड्याने थोडी आशा दाखवली. बटाटा ही भाजी आहे, हे अमेरिकन सरकारला मान्य आहे. पण पुढे कढई येते. चकलीच्या भाजणीत तांदूळ पहिला, आणि तोही पांढरा. घरी परत येताना मी गाडीत एक शब्द बोललो नाही.

त्या रात्री मला पुरणपोळी दिसली.

इथे वाचकांनी जरा धीर धरावा, कारण हा माझा जिव्हाळ्याचा प्रांत आहे. पदार्थाचे आकडे भरले की पास-नापास सांगणारं एक गणकयंत्र इंटरनेटवर आहे. त्याच्यापुढे मी पुरणपोळी मांडली. घटक पहिला: हरभऱ्याची डाळ. डाळ म्हणजे प्रथिनं. पास! कणीक अख्ख्या गव्हाची. पास! सोडियम म्हणजे चिमूटभर मीठ. पास! साखरेपाशी मात्र माझा श्वास अडकला, कारण डाळीइतकाच गूळ घालणाऱ्या घराण्यातला मी आहे. पण डाळ शिजताना पाणी पिते, कणीक मळताना पाणी पिते, आणि नियमात साखर मोजायची ती तयार पदार्थाच्या वजनात. गुळाचा वाटा पाव हिश्शाच्या आसपास आला. पास! आमच्या आज्या-पणज्यांनी २०१४चे अमेरिकन निकष शेकडो वर्षं आधी पाळून ठेवले होते, आणि हे जगाला सांगायचं काम नेमकं माझ्याकडे आलं होतं. मी बायकोला उठवलं. ती उठली नाही.

कॅलरींनी घात केला. आमच्याकडे होते तशी भरलेली पोळी तीनशेच्या घरात जाते. २००च्या आत बसायचं तर पोळी पुरीएवढी करावी लागेल, आणि पुरीएवढ्या पुरणपोळीला पोळी म्हणायचं की बिस्कीट, ते मला ठरवता येईना. उरला एक मार्ग: अर्धी पोळी. सुरीने मधोमध कापलेली, पुरण दिसतंय अशी, कागदी प्लेटमध्ये. अर्धी पोळी सगळ्या विषयांत उत्तीर्ण. मग मी सवयीने तिच्यावर चमचाभर तूप सोडलं, म्हणजे गणकयंत्रात सोडलं. संपृक्त चरबी १० टक्क्यांच्या पार गेली आणि यंत्राने पोळी नापास केली. तूप काढलं, पास. घातलं, नापास. मी ते बराच वेळ घालत-काढत बसलो. इतकी शुद्ध चरफड मला व्हिसाच्या रांगेतही झाली नव्हती. शेवटी वकिली मुद्दा सुचला. पोळी विकायची आणि तूप फुकट वाढायचं! नियम विक्रीचा आहे ना? हा मुद्दा मी अध्यक्षबाईंना ईमेलने कळवला, कलमांच्या उल्लेखासह. त्यांचं उत्तर एका ओळीचं आणि अत्यंत सभ्य होतं.

आईला सांगलीला फोन लावला. "अर्धी पोळी?" ती म्हणाली. "अरे, पानात अर्धी पोळी कुणाला वाढतात का रे? आणि कोरडी? लेकरं आहेत ना ती?" मी तिला टक्केवारी समजावली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "शाळेला किती पैसे कमी पडतायत? तेवढे आपण सगळ्यांनी देऊन टाकले तर?" विषय बदलावा म्हणून मी हवापाण्याचं विचारलं.

या भांडणात मी एकटा नाही, याचा मला पुढे शोध लागला आणि थोडं वाईट वाटलं, कारण हुतात्म्याला गर्दी आवडत नाही. न्यूयॉर्क शहराने तर देशाच्या आधीच, २००९मध्ये, शाळांतल्या बेक सेलवर लगाम घातला. घरच्या केकच्या कॅलरी कोण मोजणार? पण पाकिटावर आकडे छापलेले असतात, म्हणून कमी चरबीचे डोरिटोस चालतील, पॉप-टार्ट चालतील, आईच्या हातचा मफिन नाही. पालक सिटी हॉलसमोर केक घेऊन उभे राहिले. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ला असाच नियम यायचा होता. ओरड एवढी झाली, की लोकप्रतिनिधींनी तो घाईने मागे घेतला. टेक्सासचे कृषी आयुक्त सिड मिलर यांनी २०१५च्या जानेवारीत, खुर्चीत बसल्या बसल्या, कपकेकना जाहीर माफी दिली. शंकरपाळ्यांचा उल्लेख त्यात नव्हता.

पुण्याच्या वहिनींना मी हे रंगवून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "भाऊजी, आम्हाला काय सांगता? इथेही सगळं आहे." आणि खरंच आहे. महाराष्ट्र सरकारने २०१७मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून पिझ्झा, बर्गर, चिप्स हद्दपार केले, आणि त्या यादीत गुलाबजामही बसवला. २०२०च्या केंद्रीय नियमांनुसार चरबी, साखर, मीठ जास्त असलेलं खाणं शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाही. २०२५मध्ये सीबीएसईने शाळांत साखरेचे तक्ते लावायला सांगितले. "आणि आनंदमेळा?" मी विचारलं. "मेळ्यात मिसळीचा स्टॉल माझाच होता," त्या म्हणाल्या. "तर्री वेगळी ठेवली होती." घराणं एकच, हे पटलं.

शेवटी आमचा सेल साडेतीननंतर झाला. अर्धी पोळी, शंकरपाळी, दोन्ही होती, पाटीही होती. लेकीच्या वर्गातला एक मुलगा टेबलाशी आला. त्याने सगळ्या पाट्या वाचल्या, किमतीही वाचल्या, हात खिशात. मी प्लेट पुढे केली, तर "नुसतं बघतोय," म्हणाला आणि बसकडे पळाला.

मग मी अध्यक्षबाईंच्या त्या कागदाची मागची बाजू वाचली. माफीच्या दिवशीसुद्धा, मुलं जेवत असताना, जेवणाच्या जागेत हे पदार्थ विकायचे नाहीत, असं तिथे लिहिलेलं आहे. शाळेत सरकारी जेवण जेवणारी मुलं या देशात रोज तीन कोटींच्या आसपास आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांना ते फुकट किंवा सवलतीत मिळतं. ही योजना १९४६ची, ट्रुमनच्या काळची. शेजारीच कपकेकचं टेबल मांडलं, की खिशात डॉलर असलेली पोरं टेबलाकडे जातात आणि ट्रे घेऊन बसलेली पोरं कोण, ते अख्ख्या शाळेला दिसतं. नियम करणाऱ्यांना साखर मोजायची होतीच, पण त्यांनी हेही पाहिलं होतं. हे वाचताना पाटीचा फॉन्ट माझ्या डोक्यातून प्रथमच गेला.

राग मात्र गेला नाही, त्याने फक्त पत्ता बदलला. इथल्या शाळांचा बराचसा पैसा त्या त्या गावच्या घरांवरच्या करातून येतो. महाग घरांच्या गावात पालक एक चेक फाडतात आणि चित्रकलेचा वर्ग चालू राहतो. स्वस्त घरांच्या गावात आईबाप रात्रपाळी करून येतात आणि मग मफिन भाजतात, तेही साडेतीनपर्यंत झाकून ठेवायला. चंद्रावर माणूस पाठवलेल्या देशाने गोष्टीच्या पुस्तकांसाठी आयांना डॉलर डॉलरला कपकेक विकायला बसवावं, आणि वर त्यांचं लोणी मोजावं? लोणी जरूर मोजा. पण पुस्तकांचे पैसे आधी द्या. सांगलीची बाई टक्केवारी न कळता हेच म्हणाली होती.

यंदा आमच्या पीटीओने खाण्याचा नाद सोडला आहे. मुलं मैदानाला फेऱ्या मारणार आणि नातेवाइकांनी फेरीमागे पैसे द्यायचे. सांगलीहून आगाऊ कबुली आलेली आहे. मला पाण्याच्या टेबलावर बसवलं आहे. साधं पाणी कुठल्याही वयाच्या मुलाला, कितीही आणि केव्हाही विकता येतं. स्मार्ट स्नॅक्समध्ये त्याला मर्यादा नाही.