यातली तुमची किती?

मुतखडा झालेल्या माणसाला आपल्याकडे एकटं सोडत नाहीत. कंबरेतली कळ थांबते न थांबते तोच एक मावशी कुळथाचं कढण घेऊन येतात, शेजारचे काका पानफुटीची पानं आणतात आणि "बिअर पी, धुऊन निघेल" म्हणणारा मित्र स्वतःचा ग्लास घेऊनच बसतो. या सर्व मंडळींचं एकाच मुद्द्यावर एकमत असतं. खडा कॅल्शियमचा, तेव्हा दूध बंद!

मी दूध सोडलं. दही, ताक सोडलं. चहा सोडणं या जन्मी शक्य नव्हतं, म्हणून कोरा प्यायला लागलो आणि त्या त्यागाची चारचौघांत वाच्यताही केली. तरी दुसरा खडा आलाच. चार मिलिमीटरचा, तपकिरी, भिंगातून पाहिला तर अंगभर टोकं. तो मी गोळ्यांच्या रिकाम्या डबीत जपून ठेवला. लंडनच्या सॅम्युअल पेपिसने १६५८ साली, भूल वगैरे नसलेल्या काळात, मूत्राशयातला खडा कापून काढून घेतला, तो सांभाळून ठेवला आणि पुढे दरवर्षी त्या तारखेला मेजवानी द्यायचा नेम धरला. हे मी घरात सांगून पाहिलं. डबी टीव्हीवरून उचला, एवढंच उत्तर आलं.

डॉक्टर म्हणाले, "एकदा खडा झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांना दहा वर्षांत पुन्हा होतो. तुम्ही तर घाईच केलीत. चोवीस तासांची लघवी तपासू."

लॅबमधल्या मुलीने पाच लिटरचा कॅन हातात दिला. "काका, सकाळची पहिली टाकून द्यायची. त्यानंतरची प्रत्येक वेळची यात, दुसऱ्या दिवशीच्या पहिलीसकट. तळाला अ‍ॅसिड आहे, थेट धरू नका. मगात घ्या आणि ओता." बायकोने त्याच संध्याकाळी एका मगावर लाल ऑइलपेंटने फुली मारली आणि तो मग बाथरूममधल्या वेगळ्या खिळ्याला टांगला.

नेहमीसारखा दिवस निवडा, असंही लॅबमधली मुलगी म्हणाली होती. मी पुतणीच्या लग्नाचा निवडला, कारण रजा तेवढीच होती.

आता लग्न म्हटलं की अळूची भाजी आली. पानात पडलेली ती हिरवीगार, गुळचट-आंबट भाजी, वर अख्खे शेंगदाणे, मध्ये खोबऱ्याचे काप. मी तीनदा घेतली. वाढपी मठ्ठ्याचा जग घेऊन आला तेव्हा वाटीवर हात धरून बाणेदारपणे म्हणालो, "नको, मला स्टोन आहे." अळूत ऑक्झॅलेट, तिच्यात घातलेल्या चुक्यात ऑक्झॅलेट, शेंगदाण्यातही ऑक्झॅलेट. मठ्ठ्यातलं कॅल्शियम त्याला आतड्यातच गाठून शौचावाटे बाहेर घेऊन गेलं असतं. मी नेमकं त्यालाच परत पाठवलं. मग बिनजोडीचं ऑक्झॅलेट रक्तात शिरतं, मूत्रपिंडात उतरतं आणि तिथल्या कॅल्शियमशी लग्न लावतं. अक्षता आपल्या कंबरेत पडतात.

कॅन अर्थातच घरी होता. कार्यालयातल्या दोन-तीन फेऱ्या नोंदीविना गेल्या. रात्री घरी येऊन पाहतो तर कॅनचा तळ जेमतेम झाकलेला. इतक्या ऐवजानिशी लॅबमध्ये जायची लाज वाटली. मी इकडेतिकडे पाहिलं आणि बेसिनचा नळ सोडला.

रिपोर्ट वाचताना डॉक्टरांनी चष्मा वर केला. "व्हॉल्यूम छान आहे. अडीच लिटर." मी विनयाने खाली पाहिलं. "पण क्रिएटिनिन ६४०. तुमच्या वजनाला याच्या दुप्पट हवं. हे स्नायूंमधून येतं, रोज जवळपास तेवढंच. कमी भरलं की गोळा करण्यात घोळ. यातली तुमची किती आणि महापालिकेची किती?"

बायको शेजारीच होती. फुलीवाला मग निष्फळ ठरल्याचं दुःख तिने माझ्याकडे एकदाच बघून व्यक्त केलं.

पुढच्या रविवारी घराबाहेर पाऊल टाकायला बंदी. या वेळी सगळी माझीच, निव्वळ. भरली किती, तर १.१ लिटर. सायट्रेट कमी, ऑक्झॅलेट जास्त, कॅल्शियमही मर्यादेच्या वर. आणि सोडियम २२०.

"मीठ बेताचंच खातो मी," मी आधीच सांगून ठेवलं होतं. डॉक्टरांनी पॅडच्या कोपऱ्यात भागाकार केला. "एक ग्रॅम मिठातून सतरा मिलिमोल सोडियम. म्हणजे दिवसाला तेरा ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना पाचच्या आत म्हणते. शिवाय मीठ लघवीतून जाताना कॅल्शियमलाही सोबत ओढतं." भडंग, पापड, पानात डावीकडे दोन प्रकारची लोणची, सगळं त्या कॅनने ओकलं होतं. नवऱ्याविरुद्ध असला पुरावा बायकोला आजवर कोणी लेखी दिला नव्हता.

मी दुधाच्या त्यागाचा मुद्दा काढला. तोही गेला. इटलीत पार्मा इथे १२० पुरुषांवर पाच वर्षं प्रयोग झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. दूधदुभतं तोडलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीएवढंच ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केलेल्या ६० जणांत तो आकडा १२. माझा कोरा चहा तिथेच पडला.

मग डॉक्टरांनी लिहायला घेतलं. लघवी अडीच लिटर झाली पाहिजे, पाणी किती प्यायलात ते मला सांगू नका. रात्री झोपतानाही एक पेला. जेवणात दही किंवा ताक. अळू-पालक कधीतरी, आणि तेही ताकासोबत. सायट्रेट कॅल्शियमला लघवीत मोकळं फिरू देत नाही, म्हणून रोज दोन लिंबं पाण्यातून, साखर-मिठाशिवाय. दीड महिन्याने पुन्हा कॅन.

लिंबाचं नाव निघाल्यावर मला जरा हुशारी आली. "लोणच्यातलं चालेल का? लिंबाचंच असतं."

डॉक्टर काही बोलले नाहीत. बायकोने त्यांच्या हातातलं पेन मागून घेतलं आणि औषधांच्या खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली. डॉक्टरांनी ती वाचली आणि तिच्याखाली सही केली.