आधी लाइन पाडा, मग नाव बदलवा

गावाचं नाव बदलायचं म्हटलं की आपल्याकडे आधी इतिहास निघतो, मग अस्मिता आणि शेवटी मोर्चा. सेवाग्रामच्या वेळी निघाली ती टपालाची पिशवी. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. गाव जमनालाल बजाजांच्या मालगुजारीतलं. गांधीजींच्या मागोमाग देशोदेशीचं टपाल यायला लागलं, आणि त्यातलं काही थेट बुलढाणा जिल्ह्यात, गजानन महाराजांच्या शेगावी जाऊन पडायला लागलं. दोन्ही गावं मुंबई-नागपूर रेल्वेच्या वाटेवरची, इंग्रजी स्पेलिंगमध्ये फरक एका अक्षराचा. पोस्टमननं तरी काय करावं? १९४० साली सेगावचं सेवाग्राम झालं. रेल्वेनं मात्र गंमत राखून ठेवली आहे. वर्धा ईस्ट स्टेशनचं पुढे सेवाग्राम झालं, त्याचा संकेत एसईजीएम. आणि शेगावचा एसईजी. पुन्हा फरक एका अक्षराचाच!

नामांतराचं हे कारण मला फार आवडतं. भावनेचा प्रश्न नाही, पत्र योग्य दारात पडावं एवढीच अपेक्षा. आमच्या घरातल्या लिनक्सच्या जुन्या डब्याचं दुखणंही नेमकं हेच होतं. त्याला नेटवर्क कार्डं दोन. एका कार्डातून इंटरनेट आत येतं, दुसऱ्यातून ते शिकवणीच्या खोलीतल्या मशिनींना जातं. म्हणजे दारं दोन, आणि प्रत्येक दाराला नाव हवं. पूर्वी लिनक्सची रीत सोपी होती: जे कार्ड आधी सापडेल ते ईटीएच-शून्य, नंतरचं ईटीएच-एक. पण मशीन पुन्हा चालू केल्यावर तेच कार्ड आधी सापडेल याची हमी नव्हती. कालचं शून्य आज एक व्हायचं आणि बाहेरच्या दारावर बसवलेला पहारा इमानेइतबारे घरातल्या पोरांना अडवायचा.

२०१३ साली सिस्टमडी या लिनक्सच्या कारभारी प्रणालीच्या मंडळींनी यावर तोड काढली. कार्ड कधी सापडलं ते विचारायचं नाही, बसलंय कुठे ते बघायचं. त्यातून ईएनपी३एस० असली नावं जन्माला आली: ईएन म्हणजे इथरनेट, पी३ म्हणजे तीन क्रमांकाची बस, एस० म्हणजे शून्य क्रमांकाची खाच. यूएसबीवालं कार्ड असेल तर ईएनएक्सच्या पुढे त्याचा बारा अक्षरी मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक. असल्या नावाला उखाणा कोण जुळवणार? आणि एवढं करूनही, मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड नवं घातलं तर बसचे आकडे सरकू शकतात आणि ईएनपी३ चं ईएनपी४ होतं. शेजारच्या खोलीत भाडेकरू आला म्हणून आपलं आडनाव बदलावं, तसलाच प्रकार.

तेव्हा नावं आपणच ठेवायची ठरली. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा गल्लीतला पोरगा मदतीला आला. त्यानं सुरुवातीलाच बजावलं, "काकाजी, आधी लाइन पाडा, मग नाव बदलवा." चालू दाराचं नाव लिनक्स बदलू देत नसे, अलीकडच्या कर्नलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, ही अट सैल केली आहे, पण आमचा डबा जुन्या वळणाचा. दार बंद, नाव नवं, दार उघडं, असे तीन हुकूम. तेही मशीन बंद होईपर्यंतच टिकणारे. कायमचं नाव हवं तर सिस्टमडीच्या लिंक फाइलीत मॅक पत्ता लिहून पुढे नाव नोंदवायचं.

मला हौस होती 'वर्धा' आणि 'सेवाग्राम' ठेवायची, तीही देवनागरीत. इंटरफेसच्या, म्हणजे दाराच्या, नावाला कर्नल १५ बाइट देतो. देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. व, र, हलन्त, ध, काना: पाच त्रिक पंधरा. वर्धा काठोकाठ बसलं! सेवाग्रामला मात्र लागतात २७. शिवाय कर्नलला चाललं तरी लिंक फाइलीला रोमन अक्षरांपलीकडचं काही चालत नाही. मधे रिकामी जागा नको, तिरकी रेघ नको, आणि ईटीएच-शून्य तर मुळीच नको, कारण ते नाव कर्नल स्वतःच मधेच कुणाला तरी देऊन बसेल. शेवटी रोमनमध्ये 'बाहेर' आणि 'घर' लिहून मोकळा झालो.

आता 'ऊर्फ'ची सोयही आहे. २०२० पासून एका इंटरफेसला पर्यायी नावं देता येतात, तीही १२७ बाइटपर्यंत. पण ऊर्फ नाव आयपी कमांडला कळतं, फायरवॉलच्या, म्हणजे दारावरच्या पहाऱ्याच्या, नियमाला कळत नाही. आमच्या पहाऱ्याच्या नियमांत जुनंच नाव होतं, आणि त्या नावाचं दार उरलंच नसताना त्यानं एका शब्दानं तक्रार केली नाही. सरकारी खात्यात शोभला असता. एकेक नियम हातानं दुरुस्त करावा लागला.

पोरगा चहा पिता पिता म्हणाला, "पण कार्ड जळलं का मॅक पत्ता बदलते, काकाजी. मंग हे सारं पुन्हा."

आमच्याकडे मृगाच्या विजा लॅनचे पोर्ट उडवण्यात पटाईत. त्यामुळे आभाळ भरून आलं की घरात आधी 'बाहेर'ची वायर उपसली जाते. गच्चीवरचे कपडे त्यानंतर.