हाफ हद्दीपर्यंत

कोल्हापूरहून निपाणीला लग्नाला निघाले होते. मी ऐटीत म्हटलं, "एक हाफ." कंडक्टर मशीनची बटणं दाबत म्हणाला, "मावशी, हाफ हद्दीपर्यंत. पुढं फुल."

तिकीट पर्समध्ये टाकताना मला साहित्य संमेलन आठवलं. (माझं डोकं असंच चालतं, सुनेला विचारा.) कारण महामंडळं दोन. एक एसटीचं, एक साहित्याचं. एसटीच्या महामंडळानं १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं भाडं केलं आणि विषय मिटवला. साहित्याच्या घरी १८७८ पासून संमेलनं भरताहेत, पण पहिली बाई अध्यक्ष व्हायला १९६१ उजाडलं. कुसुमावती देशपांडे. तिथपासून २०२५ च्या ९८व्या संमेलनातल्या तारा भवाळकरांपर्यंत मोजा. सहा! हाफच्या हिशेबानं ४९ व्हायला हव्या होत्या. उरलेली चिल्लर कंडक्टरकडेच राहिली असावी.

बरं, सहांतल्या तिघींना हा मान मिळाला कुठं? ग्वाल्हेर, इंदूर, दिल्ली. म्हणजे एसटीत बाईला सवलत हद्दीच्या आत, संमेलनात हद्दीच्या बाहेर. दोन्ही महामंडळांनी एकदा चहाला बसावं.

हद्दीच्या आत बाईला माईक दिला की काय होतं, ते १९७५ साली कऱ्हाडात दिसलं होतं म्हणा. आणीबाणी चालू, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, आणि अध्यक्ष दुर्गा भागवत! दुर्गाबाईंनी भर मांडवात आणीबाणीचा निषेध केला. पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं. त्यानंतरची बाई, शान्ता शेळके, आळंदीत आली ती २१ वर्षांनी. तापलेला माईक निवायला एवढा वेळ लागतोच.

२०१९ ला यवतमाळात अरुणा ढेरे अध्यक्ष झाल्या, तर उद्घाटक नयनतारा सहगल यांचं निमंत्रणच मागे घेतलं. एक बाई चढली, एक उतरवली. सीट तेवढ्याच.

बाकी व्यासपीठावर आमची कमी कधीच नसते हं. ईशस्तवन आम्ही, समईजवळ काडेपेटी धरायला आम्ही, पाहुण्यांच्या शालींचं तबक घेऊन उभ्या आम्ही. तिथं शंभर टक्के सवलत.

कागल मागे पडलं, तशी मी पदर सावरून ताठ बसले. हद्द ओलांडत होतो. न जाणो, कुणी अध्यक्ष व्हा म्हणून फोन केला तर?