जोडी जमवणारे

सशांची जोडी जमवणारा माणूस ओळखायचा तो हातांवरून. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे, आणि विचारलंत तर प्रत्येकाचा तपशील तयार: "हा कापूसचा. हा गुंड्याचा. आणि हा कापूसने गुंड्याला मारलेला, मी मध्ये आलो."

हे गृहस्थ बहुधा फ्लॅटमध्ये राहतात, निवृत्त असतात आणि उभी हयात त्यांनी युनियनच्या वाटाघाटींत घालवलेली असते. पहिला ससा नातीच्या हट्टाने आला. नात शिकायला बंगळूरला गेली, ससा उरला. मग कुणीतरी म्हणालं, ससा एकटा ठेवू नये, त्याला सोबत लागते. ते खरंच आहे. पण सोबत कुणाचीही चालत नाही, हे सांगायला तो कुणीतरी पुन्हा फिरकला नाही.

दुसरा आला आणि कळलं, दोघेही पाटील. सशाच्या हनुवटीखाली गंधग्रंथी असतात. हनुवटी घासली की वस्तू आपली. कापूस सोफ्याचा पाय घासून जातो, मागोमाग गुंड्या तोच पाय घासतो. त्या सोफ्याचा सात-बारा दिवसभर फिरत असतो.

काका कामाला लागतात. आधी दोघांची ऑपरेशनं. त्याशिवाय बोलणी नाहीत. नराची रग ऑपरेशननंतरही काही आठवडे उतरत नाही, तोवर जाळीच्या अलीकडे एक, पलीकडे एक, आणि वासाची सवय व्हावी म्हणून अंथरुणांची अदलाबदल. मग प्रत्यक्ष भेट, जिथे आजवर कुणीच हनुवटी घासलेली नाही अशा जागी. फ्लॅटमध्ये अशी जागा एकच निघते, बाथरूम. म्हणून घरची माणसं आंघोळीला शेजारी जातात. काकू टॉवेल खांद्यावर टाकून निघताना एवढंच विचारतात, "परिषद किती वाजता सुटेल?"

आत काका प्लास्टिकच्या स्टुलावर, हातात जाड मोजे, मांडीवर कचऱ्याची सुपली. एक दुसऱ्याच्या पाठीवर चढला तर म्हणतात, "चालू द्या, दर्जा ठरतोय." तोंडाच्या बाजूने चढला तर मात्र सुपली मध्ये जाते, कारण खालच्याच्या दातांसमोर नको ते येतं. दोघे गोल गोल फिरायला लागले की काकांना घाम फुटतो.

पण खरी कोंडी होते ती सगळं शांत झाल्यावर. सशांमध्ये मान खाली घालून बसणारा हरलेला नसतो. बहुधा तो हुकूम सोडत असतो, की चाट माझं कपाळ. इथे दोघेही मान खाली घालून, नाकाला नाक लावून बसतात. कुणी चाटत नाही. तास जातो. मालकांबरोबरच्या अशा बैठका काकांनी पुष्कळ काढल्या आहेत. तिथे निदान चहा यायचा.

यावर उपाय म्हणजे दोघांच्या कपाळाला कुस्करलेलं केळं. मध्यस्थाने लाच देऊ नये हे काकांचं जुनं तत्त्व, पण केळं हा प्रोत्साहन भत्ता. गुंड्या आपलंच कपाळ पंजाने पुसतो आणि पंजा चाटतो. कुणी सुचवतं, दोघांना एका टोपलीत घालून गाडीतून फिरवा, घाबरले की बिलगतील. काका साफ नकार देतात, आणि इथे मी पूर्ण त्यांच्या बाजूचा आहे.

त्यांचं गणित अडतं दुसरीकडेच. त्यांना समसमान तोडगा हवा असतो. सशांना मोठा कोण, हे एकदाचं ठरवायचं असतं, आणि ठरत आलं की नेमकी सुपली आडवी येते.

शेवटी एका दुपारी काकांचा स्टुलावरच डोळा लागतो. जाग येते तेव्हा कापूस गुंड्याचा कान चाटतोय. काका वहीत नोंद करतात: "तोडगा निघाला. मध्यस्थ उपस्थित होते."

हल्ली ते डॉक्टरांकडे जातात तेव्हा टोपलीत दोघेही असतात. रिक्षावाला विचारतो, आजारी कोण?

"डावीकडचा. उजवीकडचा सोबतीला. एकटा गेला तर दवाखान्याचा वास घेऊन येतो, दुसरा ओळख देत नाही, आणि आमच्या घरच्यांना परत शेजारी आंघोळ."