उंची नियमित करून मिळेल

लेहपासून उटीपर्यंत सध्या ‘हाय अल्टिट्यूड रनिंग रिट्रीट’ नावाचा प्रकार जोरात आहे. पंधरा-वीस जणांनी मिळून पैसे भरायचे, विरळ हवेच्या गावी जायचे, पहाटे उठून घोळक्याने पळायचे आणि लागलेल्या धापेला साधना म्हणायचे. इतरांनी हे केले तर समजू शकते. उल्हासनगरच्या माणसाने पैसे भरून कॅम्पला जावे, हे मात्र इतिहासाला धरून नाही. हे शहर मुळातच कॅम्प आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी छावणी पडली, फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून सुमारे लाखभर निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसून उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव बदलले तरी पत्ता बदलला नाही. माणूस आजही ‘कॅम्प नंबर तीन’ असेच सांगतो. राहिला रिट्रीट. या शब्दाचा लष्करी अर्थ माघार. तीही या लोकांच्या आजोबांनी घरदार मागे टाकून करून ठेवली आहे, आणि तेव्हा शेवटी गळ्यात पदक घालायला कोणी उभे नव्हते.

पण विज्ञान आहे ना, असे म्हटले जाते. तर विज्ञानच पाहू. उंचावरच्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण कमी नसते. उल्हासनगरच्या शांतीनगरात आहे तेवढेच, जवळपास २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे दर श्वासाला प्राणवायू कमी मिळतो, मूत्रपिंडांना ते कळते, ती एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक सोडतात आणि अस्थिमज्जा तांबड्या पेशी वाढवायला घेते. हे खाते सरकारी नाही, तरी कामाला आठवडे लागतात. बेंजामिन लेव्हिन आणि जेम्स स्ट्रे-गुंडरसन यांच्या १९९७ सालच्या गाजलेल्या प्रयोगात धावपटू चार आठवडे २,५०० मीटरवर राहिले आणि सरावाला १,२५० मीटरवर उतरत राहिले. आपले पॅकेज पाच-सात दिवसांचे. लेह साधारण ३,५०० मीटरवर. तिथे पहिले दोन दिवस स्वस्थ पडून राहा, असे डॉक्टर सांगतात. एक दिवस पँगाँगला जातो, एक दिवस शालींच्या दुकानात. उरलेल्या वेळात अस्थिमज्जेने करावे तरी काय? परतल्याबरोबर रक्त तपासले तर हिमोग्लोबिनचा आकडा वाढलेला दिसू शकतो, कारण पहिल्या काही दिवसांत रक्तातले पाणी कमी होते. पण दूध आटवले म्हणून म्हैस जास्त दूध देऊ लागली, असे कोणी म्हणत नाही.

म्हणजे विकली जाते ती उंची रक्तातली नसते; टी-शर्टावरची, प्रमाणपत्रावरची, फोटोखालच्या ओळीतली असते. आणि उंची ही कागदाचीच बाब असेल, तर खारदुंग लाचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. या खिंडीची उंची वर्षानुवर्षे १८,३८० फूट सांगितली गेली. नंतरच्या मोजणीत ती सुमारे १७,५८० फूट निघाली. आठशे फूट नुसत्या रंगाच्या डब्यातून आले होते. अशा कामात उल्हासनगरने लडाखकडून काय शिकावे? ज्या शहराने ‘मेड इन यूएसए’मधल्या शेवटच्या तीन अक्षरांत अमेरिका आणि उल्हासनगर सिंधी असोसिएशन दोन्ही बसवल्याचा विनोद अख्ख्या देशाला पुरवला, त्याला हिमालयाचे लेबल जड नाही. शिवाय उंचीच्या बाबतीत आपल्याकडे कायदाच आहे. उच्च न्यायालयाने ८५५ अनधिकृत इमारती पाडायला सांगितल्यावर २००६ साली केवळ या एका शहरासाठी खास कायदा झाला आणि दंड भरून बांधकामे नियमित करून घेण्याची सोय झाली. मजले तेच, विटा त्याच. फक्त कागद आला. (मे २०२१ मध्ये शहरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे गेली, तेव्हा कागद आणि काँक्रीट यांतला फरक काही दिवस लक्षात राहिला होता.) त्याच न्यायाने समुद्रसपाटीपासून जेमतेम वीस मीटरवरचा कॅम्प नं. ३ दंड भरून २,५०० मीटरवर नियमित करून घ्यावा. राज्यांतर्गत दुसरा उपाय नाही. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर १,६४६ मीटर. म्हणजे २,५०० मीटरची जागा या राज्यात कागदाशिवाय कुठेच उपलब्ध नाही.

यावर पहिला आक्षेप हवेचा येईल. आमची हवा विरळ नाही, दाट आहे, हे मान्य. परंतु रिट्रीटचे तत्त्व एवढेच की श्वास घेतला तरी प्राणवायू पुरता पोचू नये. वाहनांच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. जागा अडवण्याची ही रीत आमच्याकडच्या कोणाही पथारीवाल्याला समजावून सांगावी लागणार नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे हिमोग्लोबिन वाढलेले आढळते ते याच कारणाने, आणि त्यांना अजून कोणी मॅरेथॉनच्या पोस्टरवर घेतलेले नाही. निसर्ग हवा असेल तर वालधुनी नदी आहे. तिच्या काठाने पळताना श्वास रोखून धरण्याचा सराव प्रशिक्षकाशिवाय होतो. समूह हवा असेल तर २०११च्या जनगणनेप्रमाणे पाच लाखांवर माणसे सुमारे तेरा चौरस किलोमीटरमध्ये आहेतच. नोंदणीची गरज नाही.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि त्याला थट्टेने उत्तर देणे बरे नाही. मोठे धावपटू उंचावर जातातच की! जातात. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेसाठी सहा किलोमीटर तुडवायचा, मग ५ महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि सियाचीनला नेमला गेला. तिथे रिट्रीट नव्हता, पहारा होता. पुढे तो अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या उंचीवर सराव करत राहिला आणि २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत त्याने रौप्य घेतले. सुवर्ण गेले ते सेकंदाच्या विसाव्या हिश्शाने. एवढ्याशा फरकाने ज्याचे सुवर्ण जाते, त्याने हवेचा दाब मोजत बसावे. केनियातल्या इटेनचे धावपटू तर २,४०० मीटरवर घर करून राहतात. त्यांच्यासाठी उंची हा पत्ता आहे, सहल नाही. दहा किलोमीटरला सव्वा तास घेणाऱ्याचा वेळ कमी करायला हिमालय लागत नाही. रात्रीचे जेवण आठला आटोपले तरी फरक पडतो.

मग कोणी म्हणेल, जाऊ द्या हो, चार माणसे एकत्र येतात, डोंगर बघतात, पळतात, यात वाईट काय? काहीच नाही. फक्त त्याला सहल म्हणावे. अडचण अशी की सहल म्हटले की डबा घरून न्यावा लागतो आणि वर्गणी काढावी लागते. रिट्रीट म्हटले की तेच थालीपीठ ‘कार्ब लोडिंग’च्या दराने मिळते. अंबरनाथजवळ मलंगगड उभा आहे. माघी पौर्णिमेला त्याच्या पायऱ्या म्हातारीकोतारी माणसे चपलांनिशी चढून जातात, नारळ-फुले वाहतात आणि उतरून कामाला लागतात. त्यांच्या हातात घड्याळ नसते, म्हणून ती चढाई कुठे मोजली जात नाही.

तरी ज्यांना प्रमाणपत्रच हवे आहे त्यांनी लेहचे विमान पकडण्याआधी आपल्या महापालिकेत उंची नियमित करण्याचा अर्ज देऊन पाहावा. मुख्यालय कॅम्प नं. ३ मध्येच आहे. चालत जा, पळू नका. फूटपाथवर सोफे मांडलेले असतात.