हद्द कायम

तालुक्याच्या गावी, कचेरीपासून हाकेच्या अंतरावर, एक तात्या हटकून राहत असतात. अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून ते सेवानिवृत्त झालेले असतात. परंतु निवृत्तीचा तो हुकूम त्यांच्या देहापुरताच लागू झालेला असल्यामुळे, घरात भाजी आणण्याचा विषय जरी निघाला, तरी त्याचे रीतसर प्रकरण होऊन त्यावर तात्यांचा शेरा पडल्यावाचून पिशवी खुंटीवरून हलत नाही.

‘मुलांनी आपापल्या आवडीचे क्षेत्र निवडावे, आमची मुळीच हरकत नाही,’ असे ते चारचौघांत मोठ्या औदार्याने सांगतात. मात्र त्या क्षेत्राची हद्द कायम मोजणी त्यांनी बारशापूर्वीच उरकून घेतलेली असते, आणि चतुःसीमेच्या चारही बाजूंस सरकारी नोकरीच असते. १९८३ साली राज्यात विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी मिळून शेजाऱ्यांनी जमिनी विकून चिरंजीवांस इंजिनिअर केले, तेव्हा तात्यांनी भाच्यास टंकलेखनाच्या वर्गास धाडले. पुढे १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांस जुनी पेन्शन नाही असे ठरले, तेव्हा त्यांनी घरात सुतक पाळले. तरी ‘पेन्शन गेली, शिक्का तर आहे!’ अशी समजूत घालून थोरल्यास पुण्यास सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत बसविले. पूर्व, मुख्य आणि मुलाखत या तीन पायऱ्यांपैकी पहिलीवरच तो इतका स्थिरावला की, सेवेत कायम होण्याआधी परीक्षेतच कायम झाला.

हा हट्ट पैशासाठी नव्हे. कचेरीत असता तात्या सदऱ्याच्या खिशात दोन लेखण्या बाळगीत, आणि सरकारी शाईने घरचे पत्र त्यांनी कधी लिहिले नाही. अशी सचोटी सरकारी छपराबाहेर तग धरीत नाही, एवढीच त्यांची श्रद्धा.

धाकट्या कन्येने मात्र विनापरवानगी मिरची-कांडपाचे यंत्र बसविले. तात्या अचानक तपासणीस गेले, तो गिऱ्हाइकाची मिरची त्याच्यासमक्ष तोलली जात होती, घट वहीत चढत होती, आणि उखळाच्या कडेस चिकटलेले तिखटही झाडून ज्याचे त्यास परत मिळत होते. तात्यांनी वही चाळली, ‘तपासले’ असा शेरा मारून सही ठोकली आणि तेथेच खुर्ची मागविली.

‘थोरला अद्याप उमेदवारीत आहे, धाकटी मात्र खात्यात लागली,’ असे ते हल्ली सांगतात. कोणत्या खात्यात, असे कोणी विचारल्यास त्यांस नेमकी शिंक येते.